आशाताई : एका नव्या व्यवसायाची हकीकत

गेल्या जून महिन्यांत शाळेचे प्रवेशअर्ज तपासण्याचें काम माझ्याकडे होतें. जामसरकडील एका पाड्यावरून एक बाई आपल्या मुलीस पांचव्या इयत्तेंत घालण्यासाठीं आल्या. सुमारें सतरा वर्षांपूर्वीं त्या याच शाळेच्या बांकावर माझ्यापुढें बसत असत. त्यांनीं अर्ज स्वतःच भरला. मुलीचें नांव, जन्मतारीख, पत्ता हें सर्व सुवाच्य अक्षरांत लिहून झालें. पण 'आईचा व्यवसाय' या रकान्यापाशीं त्यांची लेखणी थांबली.

"सर, येथें काय लिहूं?"

"तूं करतेस तें काम लिही."

"मी आशा आहें. पण ती नोकरी नव्हे असें आम्हांस सांगतात. मजुरीही नव्हे. मग व्यवसाय तरी कसा म्हणूं?"

मला चटकन उत्तर देतां आलें नाहीं. तो रकाना तूर्त कोरा ठेवावयास सांगून मीं अर्ज ठेवून घेतला. पण तो कोरा रकाना मनांतून जाईना. आपल्या शाळेंतील कित्येक मुलामुलींच्या आया, मावश्या व आत्या आज हेंच काम करीत आहेत. आपण त्यांना रोज पाहतों, आणि जें रोज दिसतें त्याचा विचार बहुधा करीत नाहीं. म्हणून या कामाची हकीकत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

व्यवसाय कशास म्हणावें ?

कोणतेंही काम व्यवसायाच्या पदवीस पोंचण्यास चार लक्षणें लागतात. पहिलें, त्या कामास विशेष ज्ञान लागतें व तें शिकून मिळवावें लागतें. दुसरें, त्या कामाचीं स्वतःचीं साधनें व ठरलेली रीत असते. तिसरें, केलेल्या कामाची नोंद राहते व त्याबद्दल जाब द्यावा लागतो. चौथें, त्या कामावर माणसाचें पोट भरतें. सुताराचें काम घ्या, शिक्षकाचें घ्या, परिचारिकेचें घ्या. हीं चारही लक्षणें तेथें दिसतील. आशाताईंच्या कामास हीं लावून पाहावयाचीं असतील, तर तें काम कोठून आलें व कसें वाढलें हें प्रथम पाहिलें पाहिजे.

पूर्वींची व्यवस्था

जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. तें विलीन झाल्यावर हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत आला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाल्यावर त्यांत गेला. जव्हार व मोखाडा या दोन्ही तालुक्यांतील वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या लोकांची आहे. एका ठिकाणीं दाट वसलेलीं घरें म्हणजे गांव, असा प्रकार येथें क्वचितच. टेंकडीच्या उतारावर, ओहोळापलीकडे, रानाच्या कडेला विखुरलेले पाडे मिळून एक गांव होतें. नागली, वरई व भात हीं पिकें पावसावरचीं. दिवाळी सरली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पाऊस तोंडावर आला कीं परततात. आषाढ-श्रावणांत कणगी रिकामी असते, ओहोळ भरलेले असतात, आणि हिंवतापाचे व हगवणीचे दिवसही तेच.

अशा मुलखांत बाळंतपण सुईणीनें करावें आणि दुखणें भगतानें पाहावें अशी रीत होती. या दोघांची थट्टा करणें सोपें आहे. परंतु हांक मारतांच धांवून येईल असें माणूस त्यांच्यावांचून दुसरें नव्हतें, हें विसरूं नये. सुईण पाड्यांतलीच, ओळखीची, मध्यरात्रींही पावसांत येणारी. हात साबणानें धुवावे, नाळ कापावयाचें पातें उकळून घ्यावें, हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें. हा दोष तिचा एकटीचा म्हणतां येत नाहीं.

स्वातंत्र्यापूर्वीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला व प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना सुचविली. १९५२ पासून तीं केंद्रें निघूं लागलीं. डोंगराळ व आदिवासी भागांत वीस हजार वस्तीस एक केंद्र आणि तीन हजार वस्तीस एक उपकेंद्र असें प्रमाण पुढें ठरलें. जामसर येथें असें केंद्र आहे आणि जव्हार शहरांत पतंगशहांच्या नांवाचें रुग्णालय आहे. तरीही हिशेब पुरा होईना. तीन हजार माणसें म्हणजे सपाटीवरचें एक गांव. आमच्याकडे तेवढ्याच माणसांचे अनेक पाडे होतात आणि त्यांच्यामध्यें पाणी व डोंगर असतो. उपकेंद्रांतील परिचारिका एकटी. दवाखाना आणि झोपडी यांच्यामधलें तें शेवटचें अंतर कोणीं चालावयाचें, हा प्रश्न तसाच राहिला.

जामखेडचा धडा

या प्रश्नाचें एक उत्तर महाराष्ट्रांतच सांपडलें. अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेड हा तालुका दुष्काळी. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें वेल्लोर येथें वैद्यकीचें शिक्षण घेतलें होतें. वडाळा येथील मिशन रुग्णालयांत कांहीं वर्षें काम करतांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बरे करून पाठविलेले रोगीच तीं दुखणीं घेऊन फिरून दारांत येतात. कारण दुखण्याचें मूळ गांवांतील पाण्यांत, भुकेंत आणि समजुतींत असतें, आणि तेथवर रुग्णालयाचा हात पोंचत नाहीं. अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शास्त्र शिकून तीं दोघें परतलीं आणि १९७० मध्यें त्यांनीं जामखेड येथें आपला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका गांवोगांव ठेवून पाहिल्या. तो बेत फसला. परक्या गांवीं एकटें राहणें त्यांना अवघड जाई, आणि गांवच्या बायका त्यांच्यापाशीं मन मोकळें करीत नसत. तेव्हां गांवांतीलच एक बाई गांवानें निवडावी व तिला शिकवावें, असा विचार पुढें आला. निवडलेल्या बायका बहुधा प्रौढ, पुष्कळशा निरक्षर, आणि कित्येक दलित घरांतल्या. त्या दर आठवड्यास जामखेडास येत, मुक्काम करीत, विषय समजून घेत आणि गांवीं परतून तोच विषय घरोघरीं सांगत. शिकण्याची ही पद्धति विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी : थोडें शिकावें, लगेच दुसऱ्यास सांगावें, अडलें तें पुढच्या आठवड्यास विचारावें.

केवळ औषधानें हें काम झालें नाहीं. पिण्याच्या पाण्यासाठीं विंधनविहिरी घेतांना त्या दलितवस्तीच्या बाजूस घेण्यांत आल्या. म्हणजे सर्व गांवास तेथें घागर घेऊन जाणें भाग पडलें. स्वच्छ पाणीही मिळालें आणि शिवाशिवीची भिंतही कांहीं अंशीं ढांसळली. प्रकल्पाच्या गांवांतून १९७१ मध्यें जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १७६ बालकें वर्ष पुरें होण्यापूर्वीं दगावत होतीं. १९७६ मध्यें हा आंकडा ५२ वर आणि १९९३ मध्यें १९ वर आला. १९७९ मध्यें या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या आंकड्यांचें खरें श्रेय गांवच्या बायकांचें आहे, असेंच तीं दोघें सांगत असत.

एक फसलेली योजना

गांवच्या माणसास शिकवून आरोग्याचें काम सोंपविण्याची कल्पना इतर देशांतही उगवली होती. चीनमध्यें १९३० च्या सुमारास डिंगश्येन या भागांत डॉ. चेन यांनीं शेतकऱ्यांसच थोडें शिक्षण देऊन या कामास लावलें होतें. पुढें १९६८ नंतर 'अनवाणी डॉक्टर' या नांवानें तीच कल्पना त्या देशभर पसरली. सप्टेंबर १९७८ मध्यें अल्मा-आता येथें भरलेल्या जागतिक परिषदेनें तिला मान्यता दिली.

भारत सरकारनें त्यापूर्वींच, २ ऑक्टोबर १९७७ रोजीं, अशी योजना देशांत सुरू केली होती. दर हजार वस्तीस एक आरोग्य कार्यकर्ता, तीन महिन्यांचें शिक्षण आणि दरमहा पन्नास रुपये, असें तिचें स्वरूप होतें. नांवें दोनदां बदललीं. अखेरीस 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक' हें नांव राहिलें. योजना मात्र रुजली नाहीं. निवडलेले कार्यकर्ते बहुतेक पुरुष होते; गरोदर स्त्रीनें किंवा नव्या बाळंतिणीनें त्यांच्याशीं काय बोलावें ? पुष्कळ ठिकाणीं निवड गांवांतील वजनदार माणसाच्या शब्दावर झाली. एकदां शिकविलें तें शिकविलें. मागाहून विचारपूस नाहीं, औषधें वेळेवर नाहींत. २००२ मध्यें केंद्राची मदत थांबली आणि योजना संपली.

फसलेल्या योजनेपासूनही शिकतां येतें. जामखेडास यश आलें तें बाई गांवाच्या विश्वासांतली होती, तिचें शिक्षण दर आठवड्यास चालू होतें, आणि तिच्या पाठीशीं दवाखाना उभा होता म्हणून. १९७७ च्या योजनेनें माणूस घेतला. त्याच्या पाठीमागचा आधार घेतला नाहीं.

आमच्या मुलखाचें दुःख

याच काळांत आमच्या मुलखावर मोठें संकट कोसळलें. १९९२-९३ मध्यें जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी या भागांत शंभराहून अधिक बालकें कुपोषणानें व त्यामागून आलेल्या दुखण्यांनीं दगावलीं. सर्व महाराष्ट्र हादरला. ज्यांनीं हीं नांवें पूर्वीं ऐकलीं नव्हतीं त्यांना तीं पाठ झालीं. त्यानंतर १९९५ पासून शासनानें आदिवासी भागांसाठीं नवसंजीवन योजना चालविली. भरारी पथकें आलीं आणि पाड्यापाड्यांवर पाडा स्वयंसेवक नेमण्यांत आले.

हें सांगण्याचा हेतु रडगाणें गाण्याचा नाहीं. भुकेलें मूल एका दिवसांत मरत नाहीं. त्याचें वजन महिन्यामागून महिना घटतें, दंड बारीक होतो, मग एखादी हगवण किंवा छातीचा विकार त्यास गांठतो. या प्रत्येक पायरीवर तें मूल ओळखून वांचवितां येतें. परंतु त्यासाठीं तें मूल दर महिन्यास पाहणारें कोणी तरी पाड्यांत असावें लागतें. वावर-वांगणीस उणीव होती ती अन्नाची व रस्त्याची, आणि तितकीच या पाहणाऱ्या डोळ्यांची.

गडचिरोलीचें शास्त्र

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकास, गडचिरोली जिल्ह्यांत, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ च्या सुमारास 'सर्च' या संस्थेचें काम आरंभिलें. बालमृत्यूंची नोंद घेतां घेतां त्यांना आढळलें कीं, मोठा वांटा जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचा आहे. आणि त्या दिवसांत बाळ घरींच असतें. १९९५ पासून त्यांनीं ३९ गांवांत 'आरोग्यदूत' स्त्रिया तयार केल्या. या स्त्रियांचें शिक्षण पांचवी ते दहावीपर्यंतचें. बाळास तोलणें, ऊब देणें, श्वास गुदमरलेल्या बाळास श्वास देणें, जंतुदोषाचीं चिन्हें ओळखणें, आणि वेळ पडल्यास औषधाची सुई टोंचणें, इतकें त्यांना शिकविण्यांत आलें. सुई टोंचण्याचें काम अशा बाईकडे द्यावें काय, याविषयीं पुष्कळांनीं शंका घेतली. उत्तर आंकड्यांनीं दिलें. हजारीं ६२ च्या जवळपास असलेला नवजात बालकांचा मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत २५ च्या आसपास आला. डिसेंबर १९९९ मध्यें हें संशोधन 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलें. २००१ मध्यें 'कोवळी पानगळ' या अहवालानें राज्यांतील बालमृत्यूंचा प्रश्न शासनापुढें पुन्हां मांडला. आणि २०११ पासून नवजात बालकांची घरीं जाऊन काळजी घेण्याची ही पद्धति सर्व देशानें उचलली.

जामखेडनें विश्वास कसा मिळवावा हें दाखविलें. गडचिरोलीनें मोजमाप कसें करावें हें दाखविलें. या दोहोंच्या संगमांतून आजची आशाताई घडली आहे.

आशाताई

१२ एप्रिल २००५ रोजीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा आरंभ झाला व त्यांत 'आशा' हें पद निर्माण झालें. शेजारच्या छत्तीसगडमध्यें 'मितानिन' या नांवानें असें काम २००२ पासूनच चालू होतें. आशा ही त्याच गांवची रहिवासी स्त्री असावी, सामान्यतः २५ ते ४५ वयाची, लिहितां-वाचतां येणारी. हजार वस्तीस एक, आणि आदिवासी भागांत विखुरलेल्या वस्तीनुसार त्याहून कमी माणसांस एक, असा नियम झाला. आज देशांत सुमारें दहा लाख आणि महाराष्ट्रांत सुमारें सत्तर हजार आशा काम करीत आहेत.

तिच्या कामाची यादी लांब आहे. येथें नवजात बालकाचें एकच काम पाहूं. बाळंतपण दवाखान्यांत झालें असल्यास जन्मापासून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं, अशा सहा वेळां ती घरीं जाते. घरींच झालें असल्यास पहिल्या दिवशींची एक भेट अधिक. बाळाचें वजन अडीच किलोहून कमी असेल तर तें कमी वजनाचें समजावें. दोन महिन्यांच्या आंतील बाळानें मिनिटास ६० किंवा अधिक श्वास घेतले, तर तें धोक्याचें चिन्ह. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ही मर्यादा ५० ची, व पुढें पांच वर्षांपर्यंत ४० ची. सहा महिन्यांपुढील मुलाचा दंड फितीनें मोजून साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर तें तीव्र कुपोषित होय. हगवण लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें पाणी थोडें थोडें पाजावें. चमचे लहान व सपाट भरलेले असावे. हे आंकडे विद्यार्थ्यांनीं वहींत उतरून घ्यावे. परीक्षेपेक्षां घरीं त्यांचा उपयोग अधिक आहे.

आतां प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट सांगतों. चार वर्षांपूर्वींच्या श्रावणांत नववीच्या वर्गांतील एक मुलगी आठ दिवस शाळेंत आली नाहीं. तिच्या बापास चार शब्द सुनवावे अशा विचारानें मी तिच्या पाड्यावर गेलों. घरांत पाहतों तों तिचा अकरा दिवसांचा भाऊ आईच्या मांडीवर, आणि त्यापुढें घड्याळ हातांत धरून बसलेली पाड्याची आशा. अर्जाच्या रकान्यापाशीं थांबलेली तीच माझी जुनी विद्यार्थिनी. तिनें मला खुणेनें गप्प राहावयास सांगितलें. पुरें एक मिनिट तिनें बाळाच्या पोटाची हालचाल मोजली. मग पुन्हां एक मिनिट मोजली. "अडुसष्ट," ती म्हणाली. "आणि कालपासून दूधही ओढत नाहीं. आजच दवाखान्यांत न्यावें लागेल."

बापाची लावणी अर्धी राहिलेली. ओहोळास पाणी आलेलें. आजीनें संध्याकाळीं भगतास बोलाविलें होतें. आशा कोणाशीं भांडली नाहीं. ती म्हणाली, "आजी, भगताला मी अडवीत नाहीं. बाळ परत आलें कीं खुशाल बोलवा. पण दवाखाना आधीं." तिनें बाळाचे ओले कपडे काढले, त्यास आईच्या उघड्या छातीशीं धरविलें आणि दोघांस मिळून गोधडींत गुंडाळलें. शेजारचे तिघे आले. आईस झोळींत घालून त्यांनीं ओहोळ ओलांडविला. रस्त्यावर गाडी येऊन उभी होती. माझ्या वांट्यास एकच काम आलें : आशाची नोंदवही छत्रीखालीं कोरडी ठेवून न्यावयाची.

बाळ कांहीं दिवस रुग्णालयांत राहिलें आणि बरें होऊन घरीं आलें. बहीण शाळेंत परत आली. मी सुनवावयास गेलेले चार शब्द माझ्यापाशींच राहिले.

वाटेंत मीं त्या आशेस विचारलें, "तुझ्या सहा भेटींत अकरावा दिवस तर येत नाहीं. मग आज कां गेली होतीस ?" ती म्हणाली, "सातव्या दिवशीं वजन दोन किलोच भरलें होतें, सर. चौदाव्यापर्यंत मन राहीना." त्या भेटीस नोंदवहींत रकाना नव्हता व म्हणून मोबदलाही नव्हता. ही मुलगी दहावीस गणितांत नापास झाली होती. तिच्या प्रगतिपुस्तकावर 'गणितांत लक्ष नाहीं' असा शेरा मीं स्वतःच्या हातानें लिहिला होता. त्या दिवशीं जें गणित तिनें दोनदां मोजून पडताळलें, तें मला येत नव्हतें.

चौथें लक्षण

आतां आरंभींच्या चार लक्षणांकडे वळूं. विशेष ज्ञान आहे. प्रथम तेवीस दिवसांचें व पुढें वेळोवेळीं शिक्षण दिलें जातें. साधनें व रीत आहे. तराजू, घड्याळ, तापमापक, फीत आणि ठरलेले दिवस. नोंद व जाब आहे. वह्या भराव्या लागतात आणि त्या गटप्रवर्तक व आरोग्य केंद्र तपासतें. तीन लक्षणें पुरतीं जुळलीं. अडतें तें चौथ्यापाशीं.

नियमानें आशा ही 'मानसेवी' आहे. तिला पगार नाहीं. कामागणिक मोबदला आहे. वर सांगितलेल्या सर्व भेटी पुऱ्या झाल्यावर एका बाळामागें २५० रुपये, असा हा प्रकार. कांहीं ठराविक रक्कम दरमहा मिळूं लागली, पण ती हातीं पडण्यास पुष्कळदां महिने लागत. २०२० मध्यें करोनाची साथ आली तेव्हां घरोघर जाऊन ताप व श्वास तपासण्याचें काम याच स्त्रियांनीं केलें. मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील सर्व आशांचा सन्मान केला. त्या सन्मानाच्या आधीं व नंतरही त्यांना रस्त्यावर यावें लागलें : जून २०२१ मध्यें, ऑक्टोबर २०२३ मध्यें, आणि २०२४ च्या आरंभीं महाराष्ट्रांतील आशांनीं संप केले. मार्च २०२४ मध्यें राज्य शासनानें त्यांच्या मासिक मोबदल्यांत पांच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. ही वाढ मोठी खरी. पण आजारपणाची रजा, म्हातारपणची सोय आणि कायम नोकरीचा दर्जा हे प्रश्न त्यानें सुटले नाहींत.

मी मिशनच्या शाळेंत वाढलों. 'सेवा' हा शब्द लहानपणापासून माझ्या कानांत आहे आणि मला तो प्रिय आहे. म्हणूनच सांगतों : स्वतः सेवा करावी हें थोर, परंतु दुसरीच्या सेवेचे गोडवे गाऊन तिचें वेतन मागें ठेवावें, हा त्या शब्दाचा मान नव्हे. माझें शिकविणें हीही सेवाच आहे असें निरोपसमारंभांतून मला सांगण्यांत येतें. तरी पहिल्या तारखेस माझा पगार कोणी चुकवीत नाहीं.

कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. आशाताई डॉक्टर नव्हे. ती श्वास मोजील, पण दवाखान्यांत डॉक्टर नसेल तर त्या मोजण्याचा उपयोग नाहीं. ती दंड मोजील, पण कणगींत दाणा नसेल तर फितीनें पोट भरत नाहीं. कुटुंब वीटभट्टीवर गेलें म्हणजे मूल तिच्या वहींतून निसटतें आणि वैशाखांत परततें तें कित्येकदां खंगलेलें. रस्ता, रोजगार, अन्न व डॉक्टर यांची उणीव एका बाईच्या खांद्यावरील पिशवीनें भरून निघत नाहीं. ती भरून काढण्याची जबाबदारी तिच्यावर टाकणें हा तिच्यावर व रोग्यावर दोघांवरही अन्याय आहे.

पालकांस व विद्यार्थ्यांस

पालकांस एवढेंच विनवितों कीं, मुलीस आठवी-नववींतून काढूं नका. लग्न थोडें थांबूं शकतें. पाड्यांतील वाचतां-लिहितां येणारी एक स्त्री किती घरांचा आधार होते, हें वर पाहिलेंच आहे. आणि आज जी मुलगी पाटीवर आंकडे गिरवीत आहे, तीच उद्यां तुमच्या नातवाचा श्वास मोजील. दुसरें, आशाताई दारांत आली म्हणजे तिला बसावयास द्या, खरी माहिती द्या आणि वीटभट्टीवर जाण्यापूर्वीं तिला कळवा. बाळाची नोंद तिच्यापाशीं असली तर तो जेथें जाईल तेथें तिला त्याचा माग लावतां येतो.

तो अर्ज दोन दिवसांनीं मीं त्या बाईस परत दिला. म्हटलें, "व्यवसायाचीं तीन लक्षणें तुझ्या कामांत पुरीं आहेत. चौथें अपुरें आहे. पण तो दोष तुझ्या कामाचा नव्हे, तें देणें आमच्याकडे थकलें आहे. तेव्हां निःशंक लिही." तिनें रकान्यांत लिहिलें : 'आशा, आरोग्य कार्यकर्ती.' मुलीनें आईच्या खांद्यावरून वांकून तें वाचलें आणि अर्ज माझ्या हातीं दिला.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. घरांतील लहान भावंड झोंपलें असतां त्याचे श्वास पुरें एक मिनिट मोजा. वयाप्रमाणें ते मर्यादेंत आहेत काय तें लिहा.

२. जामखेडास यश आलें आणि १९७७ ची योजना फसली, याचीं तीन कारणें स्वतःच्या शब्दांत सांगा.

३. आपल्या पाड्यांतील आशाताईंस भेटून त्यांच्या एका दिवसाचा वृत्तांत लिहा. त्यांतील कोणत्या कामास मोबदला आहे व कोणत्यास नाहीं, हें वेगळें दाखवा.

४. तुमच्या पाड्यापासून आरोग्य केंद्रापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. पावसाळ्यांत ती वाट कोठें तुटते तेथें खूण करा.